तीन कांबळे

दिवाळी अंकातला टीकालेख घरातली मंडळी सर्वांत शेवटी वाचतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरी तरी तसेच होते. आधी कथा, मग व्यंगचित्रे, मग राशिभविष्य. टीकालेखाची पाळी यायला तुळशीचे लग्न उजाडते. तोवर अंकाला करंजीचे तूप लागलेले असते आणि मुखपृष्ठावरच्या बाईला धाकट्याने मिशा काढलेल्या असतात. त्यातून हा लेख लिहिणारी काही विदुषी नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे हल्ली ज्याला दहावी म्हणतात तेवढे. शिशुवर्गाच्या पोरांना ‘ग’ गणपतीचा शिकवते आणि रात्री उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा मोठमोठ्या सिद्धांतांची अपेक्षा वाचकांनी माझ्याकडून करू नये. एक चित्रपट आणि दोन पुस्तके यांनी मला काही प्रश्न विचारले. त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर देताना माझी मान खाली गेली. ती हकीकत सांगायची आहे, इतकेच.

आमचा मुलूख बारामती-इंदापूरचा. मोरोपंत पन्हाळ्याला जन्मले, पण त्यांची हयात गेली ती बारामतीत. १७९४ साली ते वारले तेही इथेच. इतकी थोर कवितेची परंपरा गावाच्या पाठीशी असली तरी बाहेरचा माणूस आम्हांला ओळखतो तो कवितेवरून नव्हे. तो ओळखतो ऊस आणि राजकारण यांवरून. त्यात खोटेही काही नाही. इंग्रजी अमदानीत नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी माळावर आले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना आला, कारखान्यामागून निवडणूक आली. आणि निवडणूक एकदा आली ती पुन्हा परत गेलीच नाही. कारखान्याची, सोसायटीची, बाजार समितीची, पंचायतीची, विधानसभेची. बारा महिन्यांत एखादा महिना असा जात नाही की पारावर कुणी तरी कुणाला तरी पाडत नाही.

अशा मुलखातल्या माणसाने ‘सामना’ हा चित्रपट पाहिला की त्याला घरच्या अंगणात आल्यासारखे वाटते. विजय तेंडुलकरांनी तो लिहिला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला, आणि १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही गेला. पटेलांनी डॉक्टरकी केली ती दौंडला, म्हणजे आमच्या शेजारीच. १९७५ साली माझा जन्मही झालेला नव्हता. मी ‘सामना’ पहिल्यांदा पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, गणेशोत्सवात, चौकात बांधलेल्या पडद्यावर, पडद्याच्या उलट्या बाजूला पोत्यावर बसून. पुढच्या बाजूला पुढारी मंडळी खुर्च्यांवर बसली होती. पडद्यावरचे हिंदुराव धोंडे पाटील बघताना खुर्च्यांमधून हसण्याचे आवाज येत होते. आपल्यावरच लिहिलेले आहे हे कळूनही माणसे इतकी मोकळेपणी हसतात कशी, हे कोडे मला तेव्हा सुटले नव्हते.

गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहकाराच्या जोरावर सारे गाव मुठीत ठेवणारे हे हिंदुराव. त्यांच्या गावात एक दारुडा म्हातारा मास्तर येऊन पडतो. कधी काळी स्वातंत्र्याच्या चळवळीत उमेद घालवलेला हा माणूस. हिंदुराव त्याला गंमत म्हणून, कुतूहल म्हणून आसरा देतात. खायला घालतात, प्यायलाही देतात. आणि मास्तराच्या कानावर एक नाव पडते: मारुती कांबळे. हा माणूस गावातून नाहीसा झालेला आहे. मारुती कांबळेचे झाले काय, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारू लागतो. ज्याला त्याला विचारतो, प्यालेला असताना विचारतो, शुद्धीवर असताना विचारतो. शेवटी गुन्ह्याला वाचा फुटते. निळू फुल्यांनी हिंदुराव केला, डॉक्टर श्रीराम लागूंनी मास्तर केला, आणि दोघांनीही असा केला की आज पन्नास वर्षांनंतरही पाटील म्हटला की तो चेहरा आणि मास्तर म्हटला की हा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

या चित्रपटाची मोठी ताकद कुठे आहे? लोक सांगतात, सत्तेचे दर्शन घडवण्यात. मला वाटते, ती त्याहून साध्या जागी आहे. मास्तर जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर गावाला ठाऊक नाही असे नाही. गावात असे कधीच नसते. कोणाच्या घरी काल कसली भाजी झाली हे ज्या गावाला ठाऊक असते, त्या गावाला एक हाडामांसाचा माणूस कुठे गेला हे ठाऊक नसेल काय? ठाऊक नसतो तो फक्त विचारणारा. म्हणजे गावात माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तोंडाचा. ज्याला घर नाही, शेत नाही, ज्याचा ऊस कारखान्याला जायचा नाही आणि ज्याच्या पोराला सोसायटीत चिकटायचे नाही, असाच माणूस हा प्रश्न विचारू शकतो. तेंडुलकरांनी मास्तरला दारुडा केले ते उगाच नव्हे. शुद्धीवर असलेल्या, नोकरीवर असलेल्या, बदलीला भिणाऱ्या मास्तराने हा प्रश्न विचारला असता तर तो आम्हांला खरा वाटला नसता. मी स्वतः मास्तरीण आहे, म्हणून हे अधिकाराने लिहिते.

पण या ताकदीतच त्या कलाकृतीची उणीवही दडलेली आहे. चित्रपट संपल्यावर मनात काय उरते? हिंदुराव उरतात आणि मास्तर उरतो. एकमेकांवर डाव टाकणारे, आणि मनातून एकमेकांना ओळखून असलेले दोन तोलामोलाचे पुरुष. सामना आहे तो त्यांचा. मारुती हे या सामन्याचे कारण. जणू आखाड्यावर लावलेला नारळ. त्याच्या आडनावावरून प्रेक्षकाने जे ओळखायचे ते ओळखावे; चित्रपटाच्या मध्यावर सत्ता आहे, जात नाही. सत्तेच्या वाटेत आला म्हणून माणूस गेला, हे आपल्याला कळते. पण तो वाटेत येईपर्यंत कुठल्या वाटेने आला होता, त्याच्या बापाने कुणाच्या दारात जोहार घातला होता, त्याच्या आळीला पाणी कोण वाढत होते, हे कळत नाही. त्याच्या घरची चूल माझ्या मनात उरत नाही.

आणि मग जे व्हायचे ते झाले. तो प्रश्न म्हण होऊन बसला. आज कुठल्याही सभेत, कुठल्याही पक्षाचा वक्ता दुसऱ्या पक्षाला चिमटा काढायचा झाला की मारुती कांबळेचे नाव घेतो आणि टाळ्या पडतात. ज्या नावाने झोप उडायची ते नाव कोपरखळीला वापरले जाते. मेलेल्या माणसाच्या नावावर सगळ्यांचा हक्क असतो, कारण तो उठून हरकत घेत नाही. खुर्च्यांवरची मंडळी का हसत होती ते मला आता समजते. प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. तो त्यांच्या देखत विचारलेला होता.

यात तेंडुलकरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी जिथून पाहिले तिथून जेवढे दिसले तेवढे प्रामाणिकपणे दाखवले. बाहेरून आलेला लेखक बाहेरून आलेल्या मास्तराच्याच डोळ्यांनी पाहणार. मात्र ‘सामना’नंतर तीनच वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला जात होता तेच उठून बोलू लागले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९८६ साली, दोन पुस्तके आली. दोन्ही बायकांची, दोघींचीही आडनावे कांबळे, आणि दोघीही आमच्या मुलखाच्या शिवेला लागून असलेल्या. यांच्यापैकी एकीचा मुलूख नीरेपलीकडे. दुसरीचा सोलापूर जिल्ह्यात. आम्ही मात्र मारुती कांबळेचे काय झाले म्हणून पारावर बसून विचारीत होतो!

पहिली बेबीताई कांबळे, फलटणची. बारामतीहून फलटणला जायचे म्हणजे सांगवीपाशी नीरा ओलांडायची, की जिल्हा बदलला. या बाईचे लहानपण आजोळी वीरगावात गेले, पुढचे आयुष्य फलटणला. तेरा-चौदा वर्षांच्या वयात लग्न झाले. नवराबायकोने लहानसे दुकान चालवले. दुकानात सामान बांधायला रद्दी येई. ती रद्दी ही बाई वाचत बसे, आणि कुणाची चाहूल नसली की लिहीत बसे. लिहिलेले कागद लपवून ठेवी. थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षे. फलटणला येऊन राहिलेल्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांनी तिला ते छापण्याचा धीर दिला, ‘स्त्री’ मासिकातून ते १९८२ साली क्रमशः आले, आणि १९८६ साली पुस्तक झाले: ‘जिणं आमुचं’.

नाव नीट वाचावे. ‘जिणं माझं’ नव्हे, ‘जिणं आमुचं’. सगळे पुस्तक ‘आम्ही’ या शब्दावर उभे आहे. महारवाड्यातला आषाढ महिना ती सांगते. वर्षातला एवढाच काय तो सुखाचा महिना, घरे सारवायचा, अंगाला पाणी लागायचा, गोडधोडाचा. आपण दिवाळीला ज्या हौसेने अंगण सारवतो, तीच हौस तिच्या पानापानांत आहे; फक्त तिच्यामागे उरलेल्या अकरा महिन्यांचा उपास आहे. बाळंतिणीला पोटात घालायला काही नाही, म्हणून ती पोट आवळून पडून राहते, ते ती सांगते. सरपणाची मोळी घेऊन बायका वरच्या आळीला विकायला जात. मोळी टाकण्याआधी लाकडांत आपला केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला नाही ना, हे त्यांना न्याहाळून पाहावे लागे; नाही तर ते घर बाटायचे. या एका केसात आपल्या समाजाची सगळी विद्वत्ता मावते. शेकडो वर्षे ज्या लाकडांवर नैवेद्य शिजला ती लाकडे तोडणारीचे हात चालले, डोक्यावरून आणलेली मोळी चालली, पण तिचा केस चालला नाही.

बेबीताईंचा मोठेपणा असा की त्या इथे थांबत नाहीत. दुसऱ्यांनी आम्हांला राबवले, आणि आम्हीही राबवायला कुणी तरी शोधले. ते कोण, तर घरात आलेली सून, हे त्या लपवून ठेवत नाहीत. कोवळ्या पोरींना सासरी कसे छळले जाई, संशयावरून त्यांची नाके कशी कापली जात, हे त्यांनी आपल्याच आळीविषयी लिहिले. बाबासाहेबांनी जेजुरीला केलेले भाषण त्या सांगतात. मेलेल्या जनावराचे मांस टाका, पोरांना शाळेत घाला, या सांगण्याने आया कशा पेटून उठल्या ते सांगतात. फलटणच्या मुलींच्या शाळेत आपल्याला वेगळे कसे बसवले जाई आणि आपणही कशा भांडत असू, हे तर त्या मोठ्या गमतीने सांगतात. आणि त्याच तोंडाने, शिकून साहेब झालेल्या आपल्या माणसांना त्या बोल लावतात, की तुम्ही मागच्यांना विसरलात. शत्रूला बोल लावणे सोपे असते. आपल्या माणसाला लावायला छाती लागते.

पुस्तक निर्दोष आहे काय? तसे मी म्हणणार नाही. हकीकत कुठून कुठे जाते त्याला धरबंध नाही. एकच गोष्ट दोनदा येते. मध्येच भाषण सुरू होते. शाळेत निबंध म्हणून आला असता तर कडेला तांबड्या शाईच्या खुणा झाल्या असत्या. पण जे पान चोरून लिहिले आणि चाहूल लागताच लपवले, त्याला आदल्या दिवशीच्या पानाशी सांधा कसा असणार? तो विस्कळीतपणा हासुद्धा त्या जगण्याचा पुरावाच म्हणावा लागेल.

मला अडते ते वेगळ्याच ठिकाणी. २००८ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद माया पंडितांनी केला, आणि त्याबरोबर बेबीताईंची मुलाखत छापली. त्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की नवरा आपल्याला संशयावरून मारीत असे. कागद लपवण्याचे कारणही घरातलीच भीती होते. मग हे पुस्तकात का नाही? त्यांच्या सांगण्याचा रोख असा, की मला माझ्या समाजाचे दुःख मांडायचे होते. माझे एकटीचे त्याच्यापुढे काय मोठे? उत्तर थोर आहे. ते वाचून नतमस्तक व्हावे असेच आहे. तरीही मला राहवत नाही. चारशे वेळा ‘आम्ही’ म्हणणाऱ्या बाईला एकदाही ‘मी’ म्हणावेसे वाटू नये? मारुती कांबळेचे काय झाले ते विचारायला एक मास्तर तरी आला. बेबी कांबळेचे काय झाले हे विचारायला पुस्तक छापून झाल्यावर वीस वर्षे लागली.

आता तिसरी. शांताबाई कांबळे, सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. इंदापूरच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर आहे, तिथे नीरा भीमेला मिळते. तिथून नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. १९२३ साली जन्मलेली ही बाई शिकली आणि त्या जिल्ह्यात शिक्षिका झाली; म्हणजे नात्याने माझी थोरली जाऊच. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे तिच्या पुस्तकाचे नाव, आणि त्यातल्या पोरीचे नाव नाजा. पुढे दूरदर्शनवर त्याची ‘नाजुका’ नावाची मालिकाही झाली. या पुस्तकात भाषण नाही, निष्कर्ष नाही. पाटीवर लिहावीत तशी लहान लहान वाक्ये. जशी बोलते तशी लिहिलेली. एखादा जीवघेणा प्रसंग दोन ओळींत संपतो आणि तिसऱ्या ओळीत भाकरीची गोष्ट निघते. काही पंडितांना हे कच्चे वाटले असेल. मला विचाराल तर, ज्याला रोज असे प्रसंग येतात तो त्यांच्यावर दोनच ओळी खर्च करतो.

पण बेबीताई जे सांगत नाहीत ते ही मास्तरीण सांगते. मास्तर असलेल्या, शिकल्यासवरल्या नवऱ्याने दुसरे लग्न केले, तेव्हा ही बाई माहेरी निघून आली. कुणावर आगपाखड नाही, स्वतःची कीव नाही. शिवेवरचा अपमान आणि उंबऱ्याच्या आतला अपमान ती एकाच वहीत, एकाच शाईने लिहिते. ‘जिणं आमुचं’ हे अधिक मोठे पुस्तक आहे. त्यात एक अख्खी आळी बोलते. पण धीटपणात मला ही चित्तरकथा एक पाऊल पुढे वाटते. दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. एकीने जे गाळले ते दुसरीने भरले आहे, जणू दोघींनी आधी बसून वाटणी करून घेतली होती.

इथवर लिहून मी थांबले असते तर लेख नीटनेटका झाला असता. पण आरंभी म्हटले त्याप्रमाणे मान खाली जाण्याची गोष्ट अजून राहिली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. ऊस, कारखाना, निवडणूक यांचीच. तिच्यात राखीव जागेवरून निवडून आलेली एक सरपंचबाई होती. नवरा बोट ठेवील तिथे ती सही करायची, आणि सही करताना जीभ बाहेर काढायची. दोनच प्रसंग, पण वाचकांना ते फार आवडले. पत्रे आली. हसून पुरेवाट झाली, असे लिहिले होते. मी खूश होते.

त्याच सुमाराला एका गावी स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाचा फळा लिहायचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर बरे आहे. गावाची सरपंच एक बाई होती, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. मला नावांचा कागद मिळाला तसा मी रंगीत खडूंनी फळा लिहिला. प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या ओळीत एका वजनदार गृहस्थांचे नाव, दुसऱ्या ओळीत सरपंचबाईंच्या यजमानांचे, आणि तिचे स्वतःचे नाव शेवटी, आभाराच्या वर. समारंभ झाला. खुर्च्या पुरल्या नाहीत. सरपंचबाई आमच्याबरोबर सतरंजीवर बसली. चहाच्या वेळी तिला आणि तिच्या यजमानांना कागदी पेला मिळाला. खुर्च्यांवर कपबशा होत्या. कपबशा कमी पडल्या असतील असे मी स्वतःला सांगितले.

पांगापांग झाल्यावर ती फळ्याजवळ आली. म्हणाली, “बाई, अक्षर लई झ्याक हाय तुमचं. माझं नाव शेवटाला हाय, पर झ्याक काढलंया.”

मी काही तरी पुटपुटले. कागद वरून आला होता, असे.

ती म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या. तुमचं पुस्तक वाचलं मी. पोरीनं आणलं हुतं. त्यातली सरपंचीण सही करताना लई हसवती. पर बाई, सही करून घरी गेल्यावर तिचं काय हुतं, ते काय तुमी लिवलं न्हाई.”

एवढे बोलून ती पोरीचा हात धरून गेली. मी डस्टर हातात घेऊन उभी. ज्या प्रश्नासाठी तेंडुलकरांना एक दारुडा मास्तर गावात आणावा लागला, तो प्रश्न गावातल्याच एका बाईने शुद्धीवर राहून विचारला होता. आणि विचारला होता तो हिंदुरावाला नव्हे, मला. फळ्यावरचे अक्षर माझे होते. कादंबरीतली बाहेर काढलेली जीभही माझीच होती.

तेव्हापासून मी ‘सामना’ वेगळ्या नजरेने पाहते. आपण सगळे स्वतःला त्यातला मास्तर समजतो. अन्याय कुणी तरी दुसरा करतो, आणि आपण त्याला जाब विचारणार. पण गावात हिंदुराव एकच असतो. बाकीचे सारे गाव असते. कागद वरून आला म्हणून फळा लिहिणारे, कपबशा कमी पडल्या असतील म्हणणारे. विषमता टिकते ती एका हिंदुरावाच्या जोरावर नव्हे. ती टिकते आमच्या सुंदर हस्ताक्षरावर.

कायदे झाले नाहीत असे नाही. अस्पृश्यता राज्यघटनेने बंद केली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला, १९८९ साली अत्याचाराविरुद्ध त्याहून कडक कायदा आला. १९५८ च्या कायद्याने महारकीसारखी गावकीची वतने गेली; बाबासाहेबांनी त्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच विधेयक आणले होते, म्हणजे तीस वर्षे लागली. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. जातींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. २०२४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकीत तर आमच्या बारामती मतदारसंघात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही मुख्य उमेदवार बायकाच होत्या. सरपण विकणाऱ्या बायकांच्या काळापासून मोजले तर हा पल्ला लहान नाही, आणि जो त्याला लहान म्हणेल त्याने ‘जिणं आमुचं’ पुन्हा वाचावे.

पण कायद्याने खुर्ची मिळते. खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे कसे पाहायचे हे कायदा शिकवू शकत नाही. ते शिकवायचे काम गोष्टींचे आहे, आणि गोष्टी लिहिणाऱ्यांनी ते पुष्कळदा उलटे केले आहे. दिवाळी अंकांतल्या किती ग्रामीण विनोदी कथांत आपण गावच्या रामोशाला, कोतवालाला, अंगठेबहाद्दर सभासदाला हसलो! त्यांतले काही हसणे निर्मळ होते. माणसाच्या वेडेपणाला हसणे कधीच वाईट नव्हे. कसोटी एकच, आणि ती मला ओढ्यापलीकडच्या त्या बाईने शिकवली: ज्याला आपण हसलो तो घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे लेखकाला ठाऊक आहे काय? ठाऊक असून लिहिले नसेल तर चालेल. ठाऊकच नसेल तर ते पात्र नव्हे. तो आखाड्यावरचा नारळ.

त्या सरपंचबाईची पाच वर्षे पुढे पुरी झाली. तिने काही क्रांती केली नाही. शेवटच्या वर्षी एवढेच केले, की ठराव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, असे सांगितले. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी वाचावे लागले. मोठ्याने वाचू लागल्यावर काही ठराव आपोआपच आखूड झाले, असे तिची मुलगी मला सांगत होती.

बेबीताई २०१२ साली गेल्या, शांताबाई २०२३ साली. मारुती कांबळे कधी जन्मलाच नव्हता, आणि तरी तिघांत अधिक प्रसिद्ध तोच आहे. यंदा फराळाची ताटे आवरल्यावर, पणत्या शांत झाल्यावर, घरात कुणी तरी या दोन बायकांपैकी एकीचे पुस्तक मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. मोठ्याने वाचण्याचा गुण काय असतो तो वर सांगितलाच आहे. माझे म्हणाल तर मी नवी कादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्यात तीच सरपंचबाई आहे. सही करून ती घरी निघाली आहे, आणि या खेपेला मी तिच्या मागोमाग ओढा ओलांडते आहे. पुढे काय होते ते अजून मला ठाऊक नाही. पण ते तिला विचारल्याशिवाय लिहायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.